मित्रांकडे मुक्काम आणि दिवसभर कोस्टर: हर्शी, केनीवुड, सीडर पॉइंट की किंग्ज आयलंड?

मे उजाडला की न्यू जर्सीत एडिसन-प्रिन्स्टनकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच खल सुरू होतो, या उन्हाळ्यात भेटायचं कुठे? कॉलेजातली एक मैत्रीण पिट्सबर्गला, एक जोडपं कोलंबसला, कुणी डेट्रॉइटच्या बाजूला आणि आपण जर्सीत. बेत अगदी साधा असतो. कुणाच्या तरी घरी दोन रात्री गप्पा छाटायच्या आणि मधले एक-दोन दिवस सगळ्यांनी मिळून रोलर कोस्टर करायचे. गाडी अडते ती पार्क कुठलं, यावर.

आपल्या जर्सीत जॅक्सनला सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर आहे की, असं कुणीतरी म्हणतंच. आहे ना. पण ज्याच्यासाठी लांबून लोक यायचे तो ४५६ फुटी किंगडा का नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला स्फोटकं लावून पाडला. एल टोरो हा लाकडी कोस्टर आजही भन्नाट आहे, पण त्यासाठी ओहायोच्या माणसाला आठ-नऊ तास गाडी हाकायला लावणं बरं नव्हे. शिवाय रोड ट्रिप करायची तर आपण त्यांच्या दिशेने जायचं. म्हणून हे चार पर्याय: पेन्सिल्व्हेनियातलं हर्शीपार्क आणि केनीवुड, ओहायोतलं सीडर पॉइंट आणि किंग्ज आयलंड. पाचवं एक छोटं पार्क मध्येच येईल, ते मला या चारांइतकंच आवडतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. उंची आणि वेगाचे आकडे बघून पार्क ठरवणं हे एकट्यादुकट्या कोस्टरवेड्याचं काम. मित्रांबरोबर जाताना तीनच गोष्टी बघायच्या. रात्री कुणाच्या घरी जेवायला पोचता येतं का, राइडवर सगळ्यांना एकत्र बसता येतं का, आणि जे बसणार नाहीत त्यांचा दिवस कसा जाणार. या तीन प्रश्नांवर चारही पार्कांची उत्तरं वेगवेगळी निघतात.

गाडीत किती वेळ

| पार्क | एडिसनहून अंदाजे | कुणाच्या घराजवळ | किती दिवस द्यावे |
|---|---|---|---|
| हर्शीपार्क | १५० मैल | हॅरिसबर्ग, मेकॅनिक्सबर्ग | एक |
| केनीवुड | ३५० मैल | पिट्सबर्ग | एक |
| सीडर पॉइंट | ४९० मैल | क्लीव्हलंड, डेट्रॉइट, कोलंबस | दोन |
| किंग्ज आयलंड | ६०० मैलांच्या वर | सिनसिनाटी, कोलंबस | एक, जमलं तर दीड |

हर्शीचं सोपं आहे. आय-७८ हा महामार्ग धरला की अडीच तास, ॲलनटाउनच्या आसपास ट्रकांच्या रांगेत सापडलात तर तीन. पहाटे निघून गेट उघडताना पोचता येतं आणि मनात आणलं तर रात्री घरी परतताही येतं. तसं करू नका. दिवसभर उन्हात उभं राहून, पोटातलं सगळं वर-खाली करून झाल्यावर अंधारात अडीच तास गाडी चालवणं जिवावर येतं.

त्यापुढच्या तिन्ही पार्कांसाठी पेन्सिल्व्हेनिया आडवं ओलांडावं लागतं आणि त्याला दोन रस्ते आहेत. टर्नपाइक या टोलच्या महामार्गावरून, म्हणजे आय-७६ ने गेलात तर हॅरिसबर्ग ते पिट्सबर्गच्या टप्प्यात ब्लू माउंटन, किटॅटिनी, टस्करोरा आणि ॲलेगेनी असे चार बोगदे लागतात. पहिले दोन तर एकमेकांना चिकटून आहेत, एकातून बाहेर पडून डोळे उघडमीट करेपर्यंत दुसरा. पोरं खूष होतात, टोल बघून मोठी माणसं होत नाहीत. रोख पैसे आता कुणी घेत नाही. टोल आपोआप कापणारा ईझी-पास गाडीत नसेल तर नंबरप्लेटचा फोटो काढून बिल घरी पाठवतात आणि ते चांगलंच जास्त लागतं. दुसरा रस्ता आय-८०. डेलावेअर नदीवरचा पूल सोडला तर त्याला पेन्सिल्व्हेनियात टोल नाही. दोन्ही बाजूंना नुसतं रान, चढ-उतार, आणि क्लिअरफिल्ड काउंटीत एक पाटी दिसते: मिसिसिपीच्या पूर्वेला आय-८० वरची ही सगळ्यात उंच जागा, २,२५० फूट. लोणावळ्याच्याच आसपासची उंची, पण इथे तिला पाटी आहे.

पिट्सबर्गला थांबायचं असेल तर टर्नपाइक, थेट सीडर पॉइंट गाठायचं असेल तर आय-८०, इतका सरळ हिशेब. आय-८० पुढे ओहायो टर्नपाइकला मिळतो (तिथे मात्र टोल आहे) आणि एक्झिट ११८ ला उतरलं की सँडस्की, म्हणजे सीडर पॉइंटचं गाव. थांबे धरून नऊ तास मोजा. किंग्ज आयलंडला एका दमात जाणारे लोक मला माहीत आहेत. उतरल्यावर त्यांना यजमानांशी दोन शब्द बोलायची इच्छा उरत नाही.

हर्शी: सगळं कुटुंब बरोबर असेल तर

चॉकलेटवाले मिल्टन हर्शी यांनी १९०६ मध्ये आपल्या कामगारांसाठी बांधलेली ही बाग. आज गावातल्या रस्त्यावरचे दिवेसुद्धा किसेस चॉकलेटच्या आकाराचे आहेत. पार्कात शिरताना मुलांची उंची मोजतात आणि त्यावरून ती कुठल्या गोळीच्या गटातली ते ठरतं: किसेस, रीसेस, ट्विझलर्स, जॉली रँचर असे. चार घरची सहा-सात पोरं असली की 'मी रीसेस, तू अजून किसेस' यावरून गेटवरच पहिलं भांडण होतं. पण दिवसभर प्रत्येक राइडपाशी पट्टी लावून बघण्याची कटकट वाचते.

कोस्टर भरपूर आहेत आणि त्यांची चढती भाजणी छान आहे. कॉमेट १९४६ चा, लाकडी, ४२ इंची पोरांनाही चालतो. ज्या आईबाबांनी आयुष्यात कधी कोस्टर केला नाही त्यांना बसवायचं असेल तर इथे बसवा. कँडीमोनियम २०२० चा, २१० फूट उंच, पण अंगाला लागत नाही. नुसत्या लांबलचक टेकड्या आणि प्रत्येक टेकडीवर सीटवरून अलगद उचललं जाणं. मग वाइल्डकॅट्स रिव्हेंज, फॅरनहाइट (याचा पहिला उतार ९७ अंशांचा, म्हणजे उभ्यापेक्षाही आत वळलेला), आणि शेवटी स्कायरश.

स्कायरशबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. एका ओळीत चार सीटा. मधल्या दोन रुळाच्या वर, कडेच्या दोन रुळाच्या बाहेर हवेत, पायाखाली काही नाही. गाडी स्टेशनातून निघते ती चढण चढत नाही, केबल तिला ओढून फेकल्यासारखी वर नेते. 'आता वर पोचलो का' म्हणेपर्यंत २०० फुटांवरून खाली निघालेले असता. खांद्यावरून येणारा पट्टा नाही, फक्त मांड्यांवर बार, आणि तो इतका दाबतो की इथल्या कोस्टरवेड्यांनी त्याचं नाव थायक्रश ठेवलंय. चौघं मित्र एका ओळीत बसा, ज्याला जास्त खाज आहे त्याला कडेला द्या. उतरल्यावर चौघांचेही पाय लटपटतात आणि सगळे एकदम बोलायला लागतात.

न बसणाऱ्यांसाठी चारांत हर्शी सगळ्यात सोयीचं. पार्काच्या तिकिटात झूअमेरिका हे छोटं प्राणिसंग्रहालय येतं, वॉटर पार्क येतं. गेटबाहेर चॉकलेट वर्ल्ड आहे, तिथे जायला पैसे पडत नाहीत आणि चॉकलेट कसं बनतं ते दाखवणारी संथ राइडही फुकट आहे. भारतातून आलेल्या आईबाबांना तिथे एसीत बसवून यावं. दोन तासांनी गेलात तर पिशवी भरून चॉकलेटं घेऊन गावी कुणाकुणाला काय न्यायचं याची वाटणी करून झालेली असते.

वाईट काय? जुलै-ऑगस्टमधले शनिवार. फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, न्यू यॉर्क आणि आपण, सगळे एकाच दिवशी तिथे येतो.

मध्येच, कनोबल्स

हर्शीच्या उत्तरेला एलिसबर्ग गावात, झाडीत, ओढ्याकाठी हे पार्क १९२६ पासून आहे आणि अजून एकाच घराण्याच्या हातात आहे. एडिसनहून आय-८० ने डॅनव्हिलपर्यंत जायचं आणि खाली वळायचं, वेळ हर्शीइतकाच. प्रवेश फुकट, पार्किंग फुकट. तिकिटांची पुस्तिका घ्यायची आणि ज्या राइडला बसाल तेवढी तिकिटं द्यायची. म्हणजे न बसणाऱ्याला शून्य खर्च. आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट: घरचं खाणं आत नेता येतं, झाडाखाली बाकं-टेबलं मांडलेली आहेत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दहीभात, कोकम सरबताची बाटली असा सगळा सरंजाम मांडून बसलं तरी कुणी हटकत नाही. बाकी मोठ्या पार्कांत बाहेरचं खाणं सहसा चालत नाही आणि शाकाहारी माणसाची मजल पिझ्झा आणि फ्राइजच्या पलीकडे फारशी जात नाही.

इथला फीनिक्स १९४७ मध्ये टेक्ससच्या सॅन अँटोनियोत बांधलेला. तिथलं पार्क बंद पडल्यावर तो सुटा करून इथे आणला आणि १९८५ मध्ये पुन्हा उभा केला. दिसायला बापडा आहे. उंची बघून आमच्यातले हसतात, आणि शेवटच्या टेकड्यांवर बूड सीटला टेकेनासं झालं की गप्प होतात. १९१३ च्या मेरी-गो-राउंडवर फिरता फिरता हात लांब करून कडी ओढायची आणि पितळेची कडी मिळाली तर एक फेरी फुकट, हा खेळ अमेरिकेत आता फार थोड्या ठिकाणी उरलाय. साठीच्या आजोबांना त्यात रंगलेलं बघायला मजा येते.

ज्यांच्यात पट्टीचे कोस्टरवाले एक-दोनच आहेत आणि बाकी सगळं लटांबर आहे, त्यांनी हर्शीच्या आधी कनोबल्सचा विचार करावा. हॅरिसबर्गकडे मित्र असेल तर दोन दिवसांत दोन्ही होतात.

केनीवुड: पिट्सबर्गला कुणी असेल तरच, पण मग नक्की

सरळ सांगायचं तर नुसतं केनीवुड बघायला जर्सीतून सहा तास जाऊ नये. पण पिट्सबर्गला घर असलेला मित्र हेच मोठं कारण आहे, आणि बरोबर आईबाबा असतील तर पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिराचं दर्शन होतंच. टेकडीवरचं ते पांढरं गोपुर १९७० च्या दशकापासून तिथे आहे आणि अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मोठ्या हिंदू देवळांपैकी एक आहे. खाली कँटीनमध्ये चिंचेचा भात आणि दहीभात मिळतो. दुसऱ्या दिवशी कोस्टर करायचे असतील तर आदल्या संध्याकाळी यापेक्षा चांगलं जेवण नाही.

केनीवुड १८९८ चं. ट्रॉली कंपनीने सुट्टीच्या दिवशीही लोकांनी गाडीत बसावं म्हणून मार्गाच्या टोकाला बाग काढायची, अशा पद्धतीने सुरू झालेल्या पार्कांपैकी हे एक. रस्त्याखालच्या बोगद्यातून आत शिरायचं. नदीपलीकडे ब्रॅडॉकचा १८७५ चा पोलाद कारखाना दिसतो, अजून चालू. शंभरीच्या आसपासचे तीन लाकडी कोस्टर इथे एकाच दिवसात करता येतात: १९२० चा जॅक रॅबिट, १९२४ चा थंडरबोल्ट (१९६८ मध्ये बराचसा नव्याने बांधलेला) आणि १९२७ चा रेसर.

मित्रांनी मिळून कोस्टर करायचे या आपल्या मूळ बेताला यातले दोन अगदी चपखल बसतात. रेसरवर दोन गाड्या शेजारी शेजारी एकदम सुटतात. दोन गट करायचे आणि शर्यत लावायची. गंमत अशी की हे दोन ट्रॅक नाहीत, एकच सलग ट्रॅक स्वतःभोवती फिरवलाय. डाव्या फलाटावरून सुटलेली गाडी परत येते ती उजव्या फलाटावर. कोण जिंकलं यावर वाद चालू असतानाच आपण चुकीच्या बाजूला उतरलोय हे कुणाच्या तरी लक्षात येतं. त्यातला इंजिनिअर लगेच कागद मागतो.

थंडरबोल्टचं सगळं उलटं आहे. सुरुवातीला चढण नाही, गाडी फलाटावरून निघते ती थेट दरीत कोसळते. पुढे वळणांवर अंग इतक्या जोराने बाजूला फेकलं जातं की इथे एकट्याने बसू देत नाहीत, जोडीदार लागतोच, हा जुना नियम. कोण आत आणि कोण कडेला हे बसण्याआधी ठरवून घ्या, कारण सगळा भार शेजाऱ्यावर येतो. नवराबायकोने बसावं की दोन मित्रांनी, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आधुनिक मंडळींसाठी फँटम्स रिव्हेंज आहे. त्याचा दुसरा उतार पहिल्यापेक्षा मोठा, २३२ फुटांचा. डोंगराचा उतार वापरून तो थंडरबोल्टच्या लाकडी सांगाड्यातून खाली घुसतो आणि ताशी ८५ मैलांवर जातो. स्टील कर्टन नऊ वेळा उलटं करतो, पण २०२४ चा अख्खा सीझन तो बंद होता. त्याच्यासाठी जात असाल तर चालू आहे ना ते आदल्या दिवशी बघा. बटाट्याच्या फ्राइजच्या पोटॅटो पॅच दुकानापुढची रांग कोस्टरएवढी असते. चीज सांगा, बेकन नको म्हणून स्पष्ट सांगा.

सीडर पॉइंट: ज्यांना फक्त कोस्टरच हवेत

एरी सरोवरात शिरलेल्या चिंचोळ्या भूशिरावर दीड डझन कोस्टर, तीन बाजूंना पाणी. लांबून पुलावरून येताना ते सगळं आकाशात उभं दिसतं तेव्हा गाडीतली बडबड थांबते. १८७० पासून लोक इथे पोहायला यायचे, आता राइडसाठी येतात.

भारतातून नुकत्याच आलेल्या मित्राला अंदाज द्यायचा असेल तर खोपोलीजवळच्या इमॅजिकातला नायट्रो घ्या, साधारण १३० फूट उंच, पाच वेळा उलटा. तो बॉलिगर अँड मॅबिलार्ड या स्विस कंपनीने बांधलाय, आणि सीडर पॉइंटचा १९९४ चा रॅप्टरही त्यांचाच, १३७ फुटी. नायट्रो पचला असेल तर रॅप्टर पचेल. त्यानंतर मिलेनियम फोर्सकडे बघायचं. ३१० फूट, ताशी ९३ मैल, पूर्ण फेरी मारणाऱ्या कोस्टरांत ३०० फुटांवर गेलेला हा पहिला, २००० सालचा. केबलने वर ओढला जाताना खाली पाणी दिसत राहतं, वारा कानात भरतो, आणि माथ्यावर पोचल्यावर पुढचा रूळ दिसत नाही. यात एकदाही उलटं करत नाहीत. ज्यांना उलटं व्हायची भीती वाटते पण उंचीची नाही, त्यांच्यासाठी हा आदर्श आहे, आणि असे लोक मला वाटतं त्यापेक्षा बरेच असतात.

माझा स्वतःचा आवडता मात्र स्टील व्हेंजन्स. १९९१ चा मीन स्ट्रीक हा लाकडी कोस्टर हाडं खिळखिळी करायचा. त्याच्या सांगाड्यावर पोलादी रूळ बसवून २०१८ मध्ये याला जन्म दिला. अडीच मिनिटं तो तुम्हाला सीटवर बसू देत नाही, अक्षरशः. मांड्या बारला लागलेल्या आणि खाली हवा. मध्ये काही वर्षं फोन रांगेतही नेऊ देत नव्हते, लॉकरमध्ये ठेवावा लागायचा. रांगेत फोन नसल्याने माणसं एकमेकांशी बोलायची, हा फायदा मी धरायचे.

चौघांपेक्षा मोठा गट असेल तर व्हॉलरेव्हन विसरू नका. एका ओळीत आठ जण, अशा तीन ओळी. २२३ फुटांवर कडेला येऊन गाडी काही सेकंद लटकवून ठेवतात आणि मग सरळ खाली. आठही जण एका ओळीत ओरडतायत असा फोटो या चारांत दुसरीकडे कुठे मिळत नाही. शर्यत लावायला जेमिनी आहे, १९७८ चा. २०२५ मध्ये आलेल्या सायरन्स कर्सवर गाडी वर जाऊन तुटलेल्या रुळावर थांबते, तो रुळाचा तुकडा तिच्यासकट खाली झुकतो, पुढच्या रुळाला जोडला जातो आणि मग सोडतात.

आता टॉप थ्रिल २. ४२० फूट, ताशी १२० मैल. २०२४ च्या मे महिन्यात सुरू झाला, काही दिवसांतच बंद पडला, २०२५ मध्ये परत आला. चालू असला तर नशीब समजा. त्याच्या भरवशावर नऊ तासांची ट्रिप आखू नका.

तेच हवामानाबद्दल. सरोवरावरचा वारा वाढला की उंच राइड थांबतात, वीज चमकली की सगळंच. म्हणून मी इथे दोन दिवस धरते. एका दिवसात शनिवारी पाच-सहा मोठे कोस्टर झाले तरी पुष्कळ. पार्काच्या पुळणीवरचं हॉटेल ब्रेकर्स १९०५ चं आहे. तिथे उतरलेल्यांना सकाळी लवकर आत सोडतात आणि त्या पहिल्या तासात दुपारपेक्षा कितीतरी जास्त पदरात पडतं. हॉटेल महाग आहे. पण दोन कुटुंबांनी एक रात्र तिथे आणि बाकीच्या रात्री क्लीव्हलंडच्या मित्राकडे, तासाभराच्या अंतरावर, असं केलं तर जमतं.

न बसणाऱ्यांचं काय? पुळण आहे, सँडस्कीहून पुट-इन-बे या बेटावरच्या गावाला बोट जाते. पण हे लोक दिवसभर आपल्यापासून वेगळे पडतात. हर्शीत दर दोन तासांनी गाठ पडते, इथे पडत नाही. ग्रुपातल्या निम्म्या माणसांना कोस्टर नको असतील तर इथे येऊ नका, कितीही मोह झाला तरी.

किंग्ज आयलंड आणि कोलंबसचा डाव

किंग्ज आयलंड १९७२ चं, मेसन गावात, आय-७१ ला लागून. मध्यभागी आयफेल टॉवरची एक-तृतीयांश प्रतिकृती. कोस्टर सीडर पॉइंटइतके नाहीत, पण बाग सावलीची आहे, चालणं कमी आहे आणि मुलांचा विभाग चांगला आहे. ओरायन ३०० फूट खाली घेऊन जातो, डायमंडबॅक मऊ आणि उंच. या दोन्हींना ५४ इंच उंची लागते. ४८ इंची मूल बीस्टवर मात्र चालतं, हे बरोबर पोरं असलेल्यांनी टिपून ठेवावं.

बीस्ट १९७९ चा, जगातला सगळ्यात लांब लाकडी कोस्टर, ७,३६० फुटांच्या आसपास, चार मिनिटांहून जास्त. दिवसा बसलात तर एक जुना, लांबलचक, थोडा खडखडणारा कोस्टर. म्हणून दिवसा बसू नका. पार्क बंद व्हायच्या आधी शेवटच्या अर्ध्या तासात रांगेत उभे राहा. ट्रॅक पार्काबाहेरच्या रानात शिरतो आणि तिथे दिवे नाहीत. दुसरी चढण टकटक करत चढताना पुढच्या सीटवरच्याचं डोकंही दिसत नाही. मग उजेड नसलेल्या लाकडी बोगद्यात तिरकं होऊन गोल गोल. या एका फेरीसाठी मी किंग्ज आयलंडला जाईन. इतर कशासाठी एवढं लांब जाणार नाही, निदान जर्सीतून तरी.

पण मित्र कोलंबसला असेल तर सगळं गणित बदलतं. कोलंबसहून सीडर पॉइंट उत्तरेला दोन तास, किंग्ज आयलंड दक्षिणेला दीड तास. एकाच घरी तीन-चार रात्री मुक्काम, एक दिवस वर, एक दिवस खाली, मध्ये एक दिवस अंगणात बार्बेक्यू आणि आराम. बॅगा रोज भरायच्या नाहीत, यजमानीणबाईंनाही एकदाच काय तो स्वयंपाक ठरवायचा. पूर्वेकडच्या माणसाला कोस्टरची रोड ट्रिप म्हणून हीच मला सगळ्यात सरस वाटते. जाताना आय-८० न घेता पिट्सबर्गवरून गेलं तर एक रात्र तिथे टाकून केनीवुडही पदरात पडतं. तेवढी रजा मात्र हवी.

बसायच्या आधी

चारही पार्कांना लागू अशा दोन-तीन गोष्टी. लहान मूल असलेल्या जोडप्यांसाठी आळीपाळीची सोय असते. आई राइड करून आली की बाबा दुसऱ्यांदा पूर्ण रांग न लावता बसतात. गेटवर विचारून घ्या. ज्यांना गाडी लागते त्यांनी ड्रामामाइन घ्यायला हरकत नाही, पण झोप येते, त्यामुळे परत गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये. सकाळी पोहे किंवा उपमा, तोही थोडाच. मिसळ परतीच्या दिवशी.

ग्रुप सात-आठ जणांचा असेल तर सगळ्यांनी दिवसभर एकत्रच हिंडायचा हट्ट धरू नका. एक ठरावीक वेळ आणि ठिकाण ठरवा, म्हणजे हर्शीत मेरी-गो-राउंड, किंग्ज आयलंडला टॉवर, आणि मध्ये ज्याला जे हवं ते.

तिकिटं

गेटवर तिकीट काढू नका, ऑनलाइन नेहमी स्वस्त असतं आणि तारखेप्रमाणे भाव बदलतो. १ जुलै २०२४ ला सीडर फेअर आणि सिक्स फ्लॅग्ज एक झाल्या, त्यामुळे सीडर पॉइंट, किंग्ज आयलंड आणि आपलं जॅक्सनचं पार्क आता एकाच मालकाचे आहेत. ज्यांच्याकडे जॅक्सनचा सीझन पास आहे त्यांनी तो इतर पार्कांत चालतो का, की वरून थोडे पैसे भरावे लागतात, ते आधी बघावं. कोलंबसच्या बेतात तीनचार माणसांचे पैसे यातच वाचतात. हर्शी आणि केनीवुडला या पासचा उपयोग नाही. कोलंबसच्या यजमानांकडे पास असेल तर मित्रासाठी सवलतीचे दिवस असतात, तेही विचारा. रांग टाळायचे पास महाग असतात. हर्शीत मंगळवार-बुधवारी त्यांची गरज पडू नये, सीडर पॉइंटला एकच दिवस असेल आणि तो शनिवार असेल तर डोळे मिटून घ्या.

आणि ऑक्टोबरातले शनिवार वर्ज्य. हॅलोविनच्या गर्दीत बीस्टची रांग लावण्यापेक्षा मित्राच्या घरी दिवाळीच्या चकल्या तळलेल्या बऱ्या. त्यापेक्षा ऑगस्टअखेरचा आठवडा धरा. ओहायोतल्या बऱ्याच शाळा तोवर सुरू झालेल्या असतात, जर्सीतल्या सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेनंतर उघडतात. मात्र त्या दिवसांत पार्कं आठवड्यातले सगळे दिवस उघडी नसतात, तेव्हा रजेचा अर्ज टाकायच्या आधी कॅलेंडर बघून घ्या.